आत राहिलेला माणूस

गेल्या वर्षी आश्विनातल्या एका गुरुवारी सकाळी माझा नवरा अरविंद कंपनीच्या बसमध्ये मरण पावला. तो कर्जतच्या चारफाट्यावर बसमध्ये चढला होता. चौक गाव गेल्यावर शेजारच्या माणसाला वाटलं, त्याला झोप लागली आहे. खालापूरला बस थांबली तेव्हा तो उठला नाही. ड्रायव्हरनं कंपनीला फोन केला, कंपनीनं मला.

यंदाचं भात पिवळं पडलं आहे आणि कापणी सुरू झाली आहे. संध्याकाळी कॉलेजच्या ग्रंथालयातून घरी येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी तो वास येतो. कापलेल्या धाटांचा वास गोडसर असतो, थोडा ओला, थोडा धुळीचा. श्वास खोल घेतला की घशाशी खवखवतं. ज्या कापण्यांत अरविंद होता त्यांचा वास आणि ज्यांत तो नाही त्यांचा वास वेगळा असायला हवा होता, असं मला उगाच वाटतं. तो वेगळा नाही. उल्हास नदीवरून धुकं येतं आणि शेतात रचून ठेवलेल्या भाऱ्यांच्या उडव्या त्यात कमरेपर्यंत बुडतात. डोक्यावरून गोणपाट घेऊन माणसं बसावीत तशा त्या दिसतात. मी त्यांच्याकडे फार वेळ बघत नाही. बघितलं की कालच्यापेक्षा एक जास्त आहे असं वाटायला लागतं.

गेल्या वर्षीच्या कापणीबद्दल मी कुणाशी बोललेले नाही. माझ्या माहेरी, साताऱ्याकडे, अशा गोष्टी ऐकल्या की लोक लगेच कुणाला तरी विचारायला जातात, अंगारा आणतात. इथे शेजारीपाजारी गप्प बसतात आणि मग वर्षानुवर्षं तुमच्या घराकडे तिरकं बघतात. दोन्ही मला नको होतं. शिवाय जे घडलं त्यात न समजण्यासारखं काही नव्हतं. त्याचं कारण मला पूर्ण माहीत आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगता येईल. तरीही पहाट झाली की हात गार पडायचे, आणि कारण माहीत असण्याचा त्याला काही उपयोग व्हायचा नाही.

अरविंद काय काम करायचा, हे आमच्या वाडीत कुणाला सांगता आलं नसतं. 'कॉम्प्युटरमध्ये आहे', एवढंच. खालापूरच्या बाजूला त्यांच्या कंपनीचा कारखाना. असेच कारखाने दुसऱ्या राज्यांतही, आणि मुख्य कचेरी मुंबईत. इतक्या वर्षांत ज्याला जे लागलं त्यानं ते सॉफ्टवेअर विकत घेतलेलं. फाटकावरच्या हजेरीचं एक, बसचं एक, कँटीनचं एक, स्टोअरमधून बूट आणि हातमोजे देण्याचं एक, दवाखान्याचं एक, पगाराचं आणखी एक. त्यांची एकमेकांशी ओळख नव्हती. माणूस एकच, पण प्रत्येक ठिकाणी तो नव्यानं जन्माला आलेला. पगाराला ठाऊक असायचं की तो रजेवर आहे, आणि कँटीन त्याच्यासाठी जेवण शिजवायची. या सगळ्यांना एकमेकांशी बोलायला लावणं हे अरविंदचं काम. एका ठिकाणी कळलेली गोष्ट सगळीकडे कळली पाहिजे, मुंबईलाही कळली पाहिजे, आणि मध्ये कुठे तिचा अर्थ बदलता कामा नये.

आप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ते माझ्यापेक्षा लवकर समजलं. आप्पा कर्जतच्या यार्डात नोकरीला होते. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाट चढण्यासाठी मागून जादा इंजिनं लावतात. ती जोडणाऱ्या टोळीत त्यांची उमर गेली. डबा आणि इंजिन यांच्यामध्ये शिरायचं, जोड घालायचा, बाहेर यायचं, हात दाखवायचा.

"मी तुमचंच काम करतो, आप्पा," अरविंद म्हणायचा. "तुम्ही गाडीला इंजिन जोडायचात, मी सॉफ्टवेअरला सॉफ्टवेअर."

"मंग तुझं हात कसं काळं नाय रं?"

"काळे होतात. दिसत नाहीत."

"जोड धरलाय का नाय, ते कसं बघतो? आमी इंजिन जरासं रेटून बघायचो."

"मीपण रेटतो. रोज पहाटे एक माणूस सगळ्यांमधून चालवून बघतो. फाटकातून आत घातला, तो कँटीनला दिसला, स्टोअरला दिसला, दवाखान्याला दिसला, म्हणजे सगळे जोड धरलेत."

"कंचा माणूस?"

"मीच की."

ही गोष्ट तशी साधी होती. अशा तपासणीसाठी खोटा कामगार तयार करतात. पण त्यांच्या कंपनीत नसलेल्या माणसाचं नाव हजेरीवर चढवायला सक्त मनाई होती. त्यासाठी फार वरून परवानगी आणावी लागली असती. अरविंद म्हणाला, मी आहेच तर दुसरा कशाला. त्यानं स्वतःचंच नाव लावून टाकलं. पुढे कधीतरी बदलू, असं ठरवून. या धंद्यातली माणसं असंच करतात, असं मला नंतर त्याच्या सहकारी माधुरीकडून कळलं. सगळ्यांच्या कामात असा एक 'पुढे कधीतरी' शिल्लक असतो.

तर रोज पहाटे, खरा अरविंद उठण्याच्या सुमाराला, दुसरा अरविंद फाटकातून आत जायचा. त्याच्यासाठी बसमध्ये जागा धरली जायची, कँटीनमध्ये चहा मांडला जायचा, हातमोज्यांचा एक जोड त्याच्या नावे निघायचा. मग खरा अरविंद कारखान्यात पोहोचून फाटकावर कार्ड लावायचा आणि पहाटेचं हे सगळं आपोआप पुसलं जायचं. खरा आला की खोट्यानं निघून जायचं, असा त्यानं नियम घालून दिला होता.

कंपनीनं घरच्यांसाठी निरोपाची सोय केली तेव्हा ती तपासायला त्यानं माझा नंबर घातला. रात्रपाळीला येणाऱ्या बायकांच्या घरी कळावं म्हणून ती सोय होती. तेव्हापासून माझ्या फोनवर रोज दोनदा तोच निरोप यायला लागला. 'अरविंद सुखरूप पोहोचले आहेत.' एकदा पहाटे, तो ओट्यापाशी उभा राहून आल्याचा तुकडा ठेचत असताना. एकदा नंतर, तो खरोखर पोहोचल्यावर. संध्याकाळी आणखी एक: 'अरविंद कंपनीतून निघाले आहेत.'

पहाटेच्या निरोपाची आमच्या घरात चेष्टा चालायची. फोन वाजला की अरविंद आतून ओरडायचा, "आप्पा, मी पोचलो."

"मंग ह्यो चहा कोनाला देऊ? पोचलेल्याला का बसलेल्याला?"

"बसलेल्याला द्या. पोचलेल्यानं तिकडे घेतला."

"त्याला म्हनाव, आमच्या पोराचं कामबी उरकून टाक. मंग ह्याला कापनीला नेतो."

आप्पा हसत, पण एकदा मला म्हणाले होते, "आपल्या आधी आपलंच कोन तरी जातं, हे बरं नाय गं, पोरी." मी पुस्तकं वाचणारी बाई. मी म्हटलं, आप्पा, ते नुसतं नाव आहे. आज ते वाक्य आठवलं की मला कळत नाही मी काय म्हणाले होते. नाव नुसतं असतं म्हणजे काय?

त्या गुरुवारी पहिला निरोप आला. चहा झाला, डबा भरला, तो गेला. मी ग्रंथालयात पोहोचून वर्तमानपत्रं काठ्यांना अडकवत होते. दुसऱ्या निरोपाची वेळ होत आली होती. फोन वाजला तेव्हा मी तो लगेच उचललाही नाही.

घर माणसांनी भरलं. सतरंज्या आल्या, शेजारच्या घरातून स्टीलचे पेले आले. दुसऱ्या दिवशी पहाटे अजून अंधार होता. बायका स्वयंपाकघरात भिंतीला टेकून झोपल्या होत्या, आप्पा ओटीवर जागे बसले होते. फडताळातला माझा फोन वाजला. मी तो काढला आणि वाचलं की अरविंद सुखरूप पोहोचले आहेत.

मला रडू आलं नाही. भीतीही लगेच वाटली नाही. पहिल्यांदा वाटलं ते फक्त एवढंच, की बरं झालं. इतकी वर्षं ते वाक्य वाचल्यावर जे वाटायचं तेच. मग मी तिथेच खाली बसले.

ओटीवरून आप्पांचा आवाज आला. "पोचला?"

ते सवयीनं बोलून गेले होते. बोलल्यावर त्यांचं त्यांना कळलं असावं. बाहेर कोणीतरी खोकलं. मी दारापर्यंत गेले. अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता. मी म्हटलं, "हो."

तेव्हापासून तो निरोप रोज येत राहिला. दिवसकार्य झालं, पाहुणे गेले, भात वाट बघत नव्हतं म्हणून आप्पा विळा घेऊन शेतावर जायला लागले. रोज ते आधी विचारायचे, "आला?" मी हो म्हणायचे. मग ते चहा प्यायचे. आम्हां दोघांनाही माहीत होतं की कुणी पोहोचलेलं नाही. तसं आम्ही एकदा बोललोही.

"मला समजतं सगळं," आप्पा म्हणाले. "मशीन हाय. तरी बघत जा गं."

मी बघत गेले. आप्पांसाठी बघते, असं स्वतःला सांगत होते. पण निरोपाच्या आधीच मला जाग यायची आणि फोन उशाला आलेला असायचा. दुसरा निरोप मात्र येत नव्हता. संध्याकाळचाही नाही. खरा येऊन कार्ड लावत नव्हता, म्हणून पहाटेचा पुसलाही जात नव्हता. रोज तो आत जात होता, आणि बाहेर पडत नव्हता.

आमच्या ग्रंथालयात वर्षातून एकदा पुस्तकं पडताळून बघतात. नोंद असते आणि पुस्तक नसतं, असं काहींच्या बाबतीत निघतंच. नियमानं त्यांच्यापुढे 'गहाळ' लिहायचं. मी ते लिहायला नेहमी वेळ लावते. कुणी मागायला आलं की सांगते, बाहेर गेलंय, येईल. इतकी वर्षं मला हा माझा हळवेपणा वाटायचा. त्या कापणीत मला पहिल्यांदा वाटलं, की जे पुस्तक नाही त्याची जागा फळीवर धरून ठेवली की शेजारची पुस्तकं हळूहळू तिरकी होतात.

एका सकाळी निरोप आला नाही.

मी फोन बंद करून चालू केला. उजाडलं. आप्पा विळा हातात घेऊन पायरीवर उभे होते. "आज नाय?" मी मान हलवली. त्यांनी विळा भिंतीला टेकवला आणि तिथेच बसले. शेतावर कापायला ठाकरवाडीतली चार माणसं येऊन थांबली होती, त्यांचं बोलावणं आलं, तरी ते उठले नाहीत. मीही कॉलेजला गेले नाही. गुरुवारी जे झालं ते त्या दिवशी पुन्हा झाल्यासारखे आम्ही बसून राहिलो. या खेपेला कुणी भेटायला आलं नाही, एवढाच फरक.

दुसऱ्या दिवशी पहाटे निरोप आला. अरविंद सुखरूप पोहोचले आहेत. आप्पांनी माझ्या हातातून फोन घेतला. त्यांना वाचता येतं, पण ते वाचत नव्हते, नुसता धरून उभे होते.

काय झालं होतं ते माधुरीनं फोनवर सांगितलं. ती नेरळची, अरविंदच्याच खात्यातली, त्याच्याबरोबर बरीच वर्षं काम केलेली. महिना संपला तसं मनुष्यबळ खात्यानं रीतसर अरविंदच्या नावापुढे 'मृत' लिहिलं. ते एका ठिकाणी लिहिलं आणि सगळीकडे कळलं, कारण तशी सोय त्यानंच केली होती. पहाटे तपासणीचा माणूस फाटकातून आत जाऊ शकला नाही. तो गेला नाही म्हणून सगळे जोड तुटले असं सॉफ्टवेअरनं धरलं, आणि एकूण एक वाटा बंद केल्या. बसला प्रवासी दिसेनात, कँटीनला जेवणारे दिसेनात, स्टोअरची खिडकी कुणाला बूट देईना.

"कारण सापडेपर्यंत दुपार झाली, वहिनी," माधुरी म्हणाली. "आम्ही त्याला परत जिवंत केला. तात्पुरता. काम चालू राहावं म्हणून."

ती हे अगदी कामाच्या आवाजात बोलली. तिला बहुधा दुसरे शब्द मिळाले नसावेत. ते शब्द मी नंतर कितीतरी दिवस मनात फिरवत राहिले. आम्ही त्याला परत जिवंत केला. तात्पुरता. सोडून गेलेल्या माणसाबद्दल घरातली माणसं जे करतात ते याहून फार वेगळं नसतं. आपणही काम चालू राहावं म्हणूनच करतो.

त्याच सुमाराला चारफाट्यावर मला त्यांच्या बसचा ड्रायव्हर दिगंबर भेटला. अरविंदला शेवटचं पाहिलेल्यांपैकी तो एक. आधी इकडचं तिकडचं बोलला, मग म्हणाला, "वहिनी, बसमधली मशीन साहेबांची सीट अजून रोज दाखवते. चारफाटा, एक प्रवासी. मी थांबतो."

"कशाला थांबता? पुढे जायचं."

"दाखवते तर थांबायला लागतं. दार उघडतो, बंद करतो, निघतो." त्यानं रस्त्याकडे बघितलं. "ती सीट कोन घेत नाय. मीबी कोनाला बस म्हनत नाय."

त्यानंतर रात्री डोळे मिटले की बसचं दार उघडताना दिसायचं. पायऱ्यांवर पिवळा दिवा. कुणी चढत नाही. दार नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ उघडं राहतं.

कापणी संपून भारे बांधायची वेळ आली तेव्हा एका रविवारी माधुरी घरी आली. आम्ही मागच्या अंगणात होतो. आप्पा पेंढ्याचे बंध वळत होते. ती त्यांच्या पाया पडली आणि बंध वळलेले बघत राहिली. मग सांगायला लागली.

कारखान्यात आगीची तालीम झाली होती. भोंगा वाजला की सगळ्यांनी काम टाकून मोकळ्या मैदानात जमायचं, आणि फाटकाच्या हजेरीवरून आत कुणी राहिलं नाही ना ते बघायचं. सगळे आले. पडद्यावर दिसलं की आत एक माणूस आहे. पुन्हा माणसं मोजली. पुन्हा एक. मग नाव आलं.

"त्याच्या खात्यातले आम्ही सगळे तिथेच उभे होतो," माधुरी म्हणाली. "पण नियम असा आहे की आकडा शून्य होईपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. भोंग्यावरचा माणूस नवीन. त्यानं नाव वाचलं. अरविंद, असाल तिथून बाहेर या. परत परत वाचत होता. दोघांना तोंडावर मुखवटे बांधून आत शोधायला पाठवलं. तालीम खरी धरून करायची असते ना. ते त्याच्या टेबलापर्यंत जाऊन आले."

आप्पांचे हात थांबले होते.

"मला ओरडून सांगायचं होतं की तो नाहीये. सगळे उन्हात उभे, आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सगळे दाराकडे बघत होते, वहिनी. मीपण. मला वाटलं, येईल."

पलीकडच्या शेतात कुणीतरी भारा टाकला, त्याचा आवाज आला.

मग माधुरीनं आल्याचं कारण सांगितलं. आता वरून परवानगी आली आहे. अरविंदच्या जागी एक खोटा कामगार उभा केला आहे. तो बुधवारपासून चालू होईल आणि अरविंदचं नाव सगळीकडून मिटेल. खरी आग लागली तर त्याला शोधायला खरी माणसं आत जातील, म्हणून हे थांबवायलाच हवं. "फक्त तुमच्या फोनवरचा मेसेज," ती म्हणाली. "तोही बंद होईल. पण तुम्हांला हवा असेल तर मी तेवढा ठेवू शकते. आत कुणी दिसणार नाही. नुसता मेसेज येईल, त्याच्याच नावानं. कुणाला कळायचंही नाही."

मी आप्पांकडे बघितलं. ते हो म्हणाले असते तर मला काही म्हणावं लागलं नसतं.

आप्पा म्हणाले, "तो आत गेला, आनि भायेर आल्याचं हजेरीला काय लागलं नाय. असंच ना?"

"हो, आप्पा."

"आमच्या यार्डात जोड घालाया माणूस मंदी गेला, का गाडी हलवत नव्हते. ड्रायवर कितीबी घाईत असूंदे. मंदला माणूस भायेर येनार, हात दाखवनार, मंग गाडी." त्यांनी हातातला बंध खाली ठेवला. "तुमी त्याला मिटवू नका. भायेर काढा. भायेर आल्याचं लागूं द्या, मंग काय करायचं ते करा."

माधुरीनं मान डोलावली. तिला ते लगेच पटलं. तिच्या कामातही ते बरोबर होतं बहुतेक. "तसं करते. आधी बाहेर पडल्याचं लावते, मग बंद करते." मग तिनं विचारलं, "आणि मेसेज?"

आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या फोनवर येतो. तू सांग."

मी चहा टाकते म्हणून आत गेले. भांड्यात पाणी ओतलं आणि गॅस पेटवायचा राहिला. खिडकीतून ती दोघं दिसत होती, पाठमोरी. मला तो निरोप हवा होता. इतका हवा होता की कुणाच्याही नावानं आला असता तरी मी तो अरविंद पोहोचल्याचाच धरला असता. दर पहाटे काही क्षण असे असायचे की ज्यांत अरविंद आमच्याकडून निघून दुसरीकडे सुखरूप होता. ते क्षण मी माझ्या हातानं बंद करायचे होते. आणि ठेवले असते तर? मी म्हातारी झाले असते, आप्पा गेले असते, या घरात कुणी उरलं नसतं, आणि पहाटे एक फोन वाजत राहिला असता. तो रोज पोहोचत राहिला असता, आणि कुठेच पोहोचला नसता. उन्हात उभ्या राहिलेल्या त्या माणसांसारखी मीही दाराकडे बघत राहिले असते, आणि मला तर शून्याचा आकडा कुणी दाखवणारही नव्हतं.

मी बाहेर आले. "निघाल्याचा येऊ दे," मी म्हटलं. "मग नको."

त्या बुधवारी आमच्या खळ्यावर झोडणी होती. फळीवर पेंड्या आपटल्या जात होत्या, दाणा उडत होता, उन्हात कुसाची धूळ तरंगत होती. मी रजा घेतली होती आणि सुपानं भात ओढत होते. फोन पदराच्या गाठीत बांधलेला. तो वाजला तेव्हा दुपार कलली होती. हातांना भुसा होता म्हणून मी ते आधी पुसले.

'अरविंद कंपनीतून निघाले आहेत.'

आप्पांनी पेंडी वर धरलेली होती. मी मान हलवली. त्यांनी ती पेंडी आपटली, मग पुढची घेतली. झोडायला आलेल्या बायकांपैकी एकीनं विचारलं, "काय गं बाई, कोनाचा फोन?" आप्पाच म्हणाले, "कंपनीचा."

कंपनीतून निघालेल्या माणसाला घरी यायला जेवढा वेळ लागतो तेवढा आम्हां दोघांच्या अंगात भिनलेला होता. आता चौक आलं असेल. आता चारफाटा. दोघांनीही काम एकाच वेळी थांबवलं. घरी आलो. मी दिवा लावला. आप्पांनी हातपाय धुतले आणि तांब्या पुन्हा भरून पायरीवर ठेवला, बाहेरून येणाऱ्याला पाय धुवायला ठेवतात तसा. दार कुणी लावलं नाही. धुकं अंगणाच्या कडेपर्यंत आलं होतं. रस्त्यावरून एक रिक्षा आली, आमच्या वळणाशी थांबली, तिचा दिवा धुक्यात पसरला. मग ती तिथेच वळून परत गेली. कुणी उतरलेलं दिसलं नाही. पायवाटेवरचा पेंढा मात्र चालल्यासारखा वाजला, किंवा वारा असेल. शेजारचं कुत्रं उठलं, शेपूट हलवली, आणि पुन्हा बसलं.

आप्पा बराच वेळ उंबऱ्यात उभे होते. मग पायरी उतरून त्यांनी तांब्यातलं पाणी हळूहळू मातीवर ओतलं, सगळं ओतलं, आणि आत आले. "वाढ," म्हणाले. आम्ही जेवलो.

आता माझा फोन सकाळी वाजत नाही. कंपनीत रोज पहाटे एक खोटा कामगार आत जातो आणि लगेच बाहेर येतो. माधुरीनं त्याला नाव ठेवलेलं नाही, नुसता क्रमांक आहे. दिगंबरची बस चारफाट्यावर कुणी असेल तरच थांबते. आप्पा चहा घेऊन शेतावर जातात, मी ग्रंथालयात. घरात आम्ही दोघं आहोत.